रंगराव शाहिराचं पान

“काकी, उद्या जत्रंला तुला यायचं हाय.”

सर्जेराव उंबऱ्याच्या आत आला तेव्हा त्याच्या दोन्ही तळहातांवर पानाचा पितळी डबा होता. देवाचा टाक धरावा तसा त्यानं तो धरला होता. आई सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत बसली होती. तिनं डब्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

“मी कशाला? मी काय गाणार हाय व्हय?”

“गाणार न्हाईस, पर पान कोण करणार? काकाचं पान तुझ्याच हातचं असायचं. म्या गावात चौघांना इचारलं. समदी म्हणत्यात, डबा त्योच पायजे आन् हात बी त्योच पायजे.”

मी चुलीपाशी होते. मला आधी हसू आलं आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. हा सर्जेराव म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याचा मुलगा. माझे वडील गेले त्यांच्या तेराव्याला हा घरी आला होता आणि त्यांचा डफ घेऊन गेला होता, कलगी घेऊन गेला होता, जिंकलेल्या तुऱ्यांची ट्रंक डोक्यावर उचलून गेला होता. जाता जाता कोनाड्यातला हा डबासुद्धा त्यानं सोडला नव्हता. आईला तोंडदेखलं विचारण्याचीही तसदी घेतली नव्हती. आता तोच डबा घेऊन दारात आला होता, तोही परत द्यायला नाही, तर डब्याबरोबर आईलाही न्यायला!

“दादा,” मी म्हटलं, “फड तू चालवतोस ना आता? मग पान पण तूच कर की.”

“तू गप गं इंदे. तुला काय कळतंय त्यातलं?”

मला सगळं कळत होतं. दुखणं तेच होतं.

माझे वडील, आमचे आबा, म्हणजे शाहीर रंगराव. आमच्या भागातली जुनी माणसं अजून त्यांचं नाव काढतात. कलगी-तुऱ्याच्या गाण्यात कलगीवाल्यांचा फड आमचा. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन फड समोरासमोर उभे राहतात. कलगीवाले म्हणतात शक्ती मोठी, तुरेवाले म्हणतात शिव मोठा, आणि हा तंटा गाण्यातून चालतो. एकानं गाऊन सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत जवाब द्यायचा. सवाल टाकणारे तो तीनदा फिरवून म्हणतात, तेवढ्यात जवाब जुळलाच पाहिजे. आणि शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याची छाप, म्हणजे त्याचं नाव, आलंच पाहिजे. छाप नसलेलं गाणं बेवारशी, ते धरत नाहीत. जो हरेल त्यानं आपल्या डफाला बांधलेली कलगी किंवा तुरा सोडून जिंकणाऱ्याच्या हाती द्यायचा. ज्याचा तुरा गेला त्याला वर्षभर गावात मान वर करता येत नसे.

आबांचा आवाज असा, की कर्णा बंद पडला तरी जत्रेच्या टोकाला जिलबीच्या दुकानापर्यंत जायचा. ते हरले नाहीत. आमच्या घरातली ट्रंक तुऱ्यांनी भरली होती. आणि त्यांची एक लकब अख्ख्या मुलखाला माहीत होती. समोरून सवाल पडला की आबा हातातला डफ खाली ठेवायचे, “पान खाऊन येतो,” म्हणायचे आणि फडामागं बांधलेल्या कनातीआड जायचे. तिथं आई पानाचा डबा घेऊन बसलेली असायची. ती विडा करून द्यायची. आबा तोंड भरून बाहेर यायचे, एक पिंक टाकायचे, डफावर थाप मारायचे, आणि जवाब असा सुटायचा की समोरचे एकमेकांकडे बघत राहायचे. रंगरावाला पान खाल्ल्याशिवाय सुचत नाही, असं लोक कौतुकानं सांगायचे. बाकीच्या शाहिरांनीही मग पानं खायला सुरुवात केली. एका फडानं तर जत्रेला येताना पानपट्टीवालाच बरोबर आणला होता. दात लाल होण्यापलीकडे त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

मी लहानपणापासून त्या कनातीआड आईला चिकटून बसायचे. त्यामुळे पानाचं गुपित मला ठाऊक होतं.

सवाल सुरू झाला की आई पानाच्या शिरा काढायला घ्यायची. चुना लावताना तिचे ओठ हलायचे. सुपारी कातरताना अडकित्त्याचा ठेका धरायची. विडा आबांच्या तोंडात गेला की आबा खाली वाकायचे, आणि आई त्यांच्या कानात जवाब सांगायची. सगळा जवाब, पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत. आबांना एकदा ऐकलं की पाठ व्हायचं, एवढं श्रेय मी त्यांना देते. शेवटच्या कडव्यात छापेची जागा आली की आई थांबायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं ना! ती नुसतं “हूं हूं” करून दोन अक्षरांची जागा मोकळी सोडायची आणि पुढं जायची. बाहेर जाऊन आबा त्या मोकळ्या जागेत आपलं नाव घालायचे. “रंगा सांगे” म्हटलं की लोक फेटे उडवायचे.

शक्ती थोर, बाई थोर, तिच्याविना शिवाचं शव, असं जन्मभर गात हिंडलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. मला अजून राग येतो. माझे वडील होते, माझे लाड करायचे, तरी येतो.

आई भांडली नव्हती असं नाही. दर जत्रेच्या आधी एकदा तो विषय निघायचा.

“एका गाण्यात माझं नाव घाला. एकाच.”

“घालू की अंजे. पुढल्या जत्रंला घालू.”

“गेल्या साली बी हेच म्हणला हुता.”

“अगं, बाईचं नाव कानावर पडलं की लोक गाणं ऐकत न्हाईत, बाईला बघत्यात. तुझंच गाणं मरंल. तुला ते चालंल का?”

आईला ते चालायचं नाही. आबांना हे पक्कं माहीत होतं. आणि पुढली जत्रा दरवर्षी पुढंच जात राहिली. मग एका पावसाळ्यात आबाच गेले.

सर्जेराव डबा ठेवून निघून गेल्यावर मी आईवर उखडले. “तू ‘येते’ म्हणालीसच कशी? त्याला तुझी गरज नाही, तुझ्या हातच्या चुन्याची गरज आहे. मूर्ख आहे तो. त्याला वाटतंय, आबांची विद्या ह्या डब्यात आहे.”

आई सुपातले दाणे पाखडत म्हणाली, “तुझ्या आबांनी काय सांगितलं हुतं? पुढल्या जत्रंला. मग ही काय हाय?”

मला क्षणभर कळेना. मग कळलं. ती जत्रेला पान करायला निघालीच नव्हती. ती आपलं नाव घालायला निघाली होती.

पळसठाणची जत्रा चैत्रात भरते. पहिल्या दिवशी कुस्त्या, दुसऱ्या दिवशी ऊन कललं की देवळापुढच्या पटांगणात गाणी. आम्ही पोचलो तेव्हा फड उभे राहिले होते. आमच्या बाजूला सर्जेराव नवा कोरा फेटा बांधून, आबांचा डफ छातीशी धरून उभा होता. मागं सूर ओढणारे झिलकरी आबांचेच, पण आता सर्जेरावाकडे बघत उभे. समोर तुरेवाल्यांचा बाळकू वस्ताद. हा म्हातारा आबांशी आयुष्यभर गाऊन भांडला होता आणि दरवेळी हरून, तुरा सोडून, वर आबांच्या पाया पडून गेला होता. आईला आणि मला नेहमीप्रमाणे कनातीआड बसवलं. कनातीला एक फाटका कोपरा होता, तिथून पटांगण दिसायचं.

गण झाला, देवाचं झालं. मग बाळकू वस्तादानं डफ उंच धरला आणि म्हणाला, “सर्जेराव, तुजा चुलता थोर माणूस. त्याच्या माघारी हा पैला सवाल हाय. हलका घेऊ नगं.”

आणि गायला लागला.

ज्वारी पेरता ज्वारी म्हणती, बाजरीला बाजरी,
नाव पिकाला बियाचं मिळतं, भुईला कोण स्मरी?
शिव हे बीज नि शक्ती भुई, सांग कलगीवाल्या मला,
नाव जिचं ना घेतं कोणी, थोरवी कुठली तिला?

लोक खूश झाले. चहूकडून शिट्ट्या आल्या. मी आईकडे पाहिलं. तिनं हातातलं पान खाली ठेवलं होतं. तिचा चेहरा लाल झाला होता. “नाव जिचं ना घेतं कोणी,” ती पुटपुटली. “ह्या मेल्याला आजच हे सुचावं?”

तुरेवाले सवाल दुसऱ्यांदा म्हणायला लागले. सर्जेरावानं अगदी आबांच्या ऐटीत डफ खाली ठेवला. “पान खाऊन येतो,” तो मोठ्यानं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना तेवढंच पुरलं होतं.

तो कनातीआड आला. आईनं विडा केला. घाई न करता, नेहमीसारखा, शिरा काढून, चुना-कात लावून, सुपारी कातरून. त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो तोंडात टाकला.

आणि तो तसाच खाली वाकून राहिला. कान आईच्या तोंडापाशी नेऊन.

म्हणजे त्याला माहीत होतं! मी त्याला मूर्ख समजत होते. मूर्ख मी होते. डफ नेला, ट्रंक नेली, तेव्हापासून त्याला माहीत होतं की गाणी कुठं आहेत. कदाचित सगळ्या झिलकऱ्यांना माहीत होतं. कनात काय, एक कापडाची पट्टी. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मिळून पानाची गोष्ट सांगत होते.

“बोल की काकी,” तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. “तिसऱ्यांदा म्हणत्यात आता.”

“जवाब तयार हाय,” आई म्हणाली. “पर छाप माझी घालायची.”

“म्हंजी?”

“अंजी सांगे. तुझ्या तोंडानं. तेवढं कबूल कर, मग सांगते.”

सर्जेराव सरळ उभा राहिला. त्याच्या ओठांच्या कडेनं लाल पाणी आलं. “येडी का खुळी तू? फडाची छाप रंगा हाय. म्या बाईच्या छापंचं गाणं भर जत्रंत म्हणू? लोक बांगड्या भरतील मला.”

“आन् बाईचं गाणं म्हणलेलं चालतंय?”

“ती गोष्ट येगळी.”

“कशी येगळी, सांग की.”

“काकी, पाया पडतो. कलगी जाईल गं.”

“एक नाव घे. राहील.”

त्यानं कनातीच्या फटीतून बाहेर पाहिलं. तुरेवाले तिसऱ्यांदा सवाल म्हणत होते. मला वाटलं, आता तो कबूल होईल. एवढी घराण्याची कलगी, एवढा मान, दोन अक्षरांसाठी कोण घालवेल? सर्जेराव म्हणाला, “गेली कलगी तर जाऊ दे.” आणि निघून गेला.

तो बाहेर गेला, डफ उचलला आणि खाली मान घालून उभा राहिला. पिंक टाकायचंही भान त्याला राहिलं नव्हतं, तोंड भरलेलं तसंच. कुणीतरी ओरडलं, “अरं पान खाल्लं न्हवं?” हशा झाला. बाळकू वस्तादानं डफ काखेत धरला आणि कलगी घ्यायला हात पुढं केला. सर्जेराव गाठ सोडायला लागला.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज निघाला.

आई बसल्या जागीच गायला लागली होती. कनातीआडून, कर्ण्याशिवाय. तिचा आवाज मी शेतात ऐकला होता, चुलीपाशी ऐकला होता, पण असा मोकळा सोडलेला कधी ऐकला नव्हता. आबांसारखा भरदार नव्हता तो. उंच होता, थोडा फाटलेला होता, आणि ऐकणाऱ्याला हलू देत नव्हता.

कणगीमधल्या बियाला बाबा, फुटतो का रं कोंब कधी?
किडा लागला, पीठ जाहलं, नाव खाऊन जगेल किती?

गाता गाता ती उठली आणि कनात बाजूला सारून पटांगणात गेली. मी मागोमाग गेले. झिलकऱ्यांनी झील धरायला हवी होती, एकानंही धरली नाही. सगळे सर्जेरावाच्या तोंडाकडे बघत होते. मग मीच धरली. मला एवढा संताप आला होता की भीती वाटायला जागाच उरली नव्हती. माझं बघून म्हाताऱ्या तुणतुणेवाल्याची बोटं चालायला लागली. तो आबांच्या वेळेपासूनचा, अर्धा बहिरा. कोण गातंय ह्याच्याशी त्याला घेणं नव्हतं, चाल ओळखीची होती.

पोटात घेई, अंधार सोशी, ओल देऊनी जागवी,
बोलत नाही म्हणून भुईला मुकी समजती का कवी?
इतके दिवस गप्प राहिली, आज भुईला फुटलं तोंड,
अंजी सांगे, ऐक शाहिरा, माझ्या नावाचा हा कोंब!

“अंजी”वर तिनं थांबून, लांबवून, तीन वेळा फिरून घेतलं. आयुष्यभर मोकळी सोडलेली जागा होती ती. “हूं हूं” नाही. नाव.

मी आता सांगते ते कुणाला खोटं वाटेल. मला वाटलं होतं लोक टाळ्या वाजवतील. किंवा दगड मारतील. दोन्हीची मी तयारी केली होती. तिसरंच झालं. गर्दीतून एक बाई ओरडली, “शाहीर आलं! अंगात आलं गं तिच्या!”

आणि सगळं पटांगण पुढं लोटलं. शाहीर आले, रंगराव आले, बायकोच्या अंगात आले! बायका आईच्या पायावर डोकं ठेवायला लागल्या. कुणी नारळ आणला, कुणी गुलालाची परात. ज्या बायका आबा गेल्यापासून आई समोर आली की तोंड फिरवून रस्ता बदलायच्या, त्या आता तिच्या कपाळाला मुठीमुठीनं गुलाल फासत होत्या. फासणारच की. त्यांच्या लेखी ती ती नव्हतीच. एका बाईनं एवढं गाणं रचावं आणि म्हणावं ह्यापेक्षा मेलेला माणूस येऊन गाऊन गेला हे त्यांना सोपं वाटत होतं. छापेतलं नाव त्यांनी कानांनी ऐकलं होतं. तरीही!

आणि सर्जेराव. त्याच्या हुशारीला मी आजही मानते. त्यानं एका क्षणात ओळखलं की वारा कुठला आहे. तोंडातलं पान थुंकून तो धावत आला, आईच्या पायांवर पडला आणि मोठ्यानं रडायला लागला. “काका! फडाची लाज राखलीस रं काका!” मग उठून कनातीआड गेला आणि डबा घेऊन आला. स्वतःच्या हातानं त्यानं एक ओबडधोबड विडा केला आणि आईच्या तोंडापुढं धरला. “काका, तुमचं पान घ्या. काय इच्छा असंल ती सांगा. शब्द खाली पडू द्यायचा न्हाई आमी.”

शाहीर काय बोलतात ते ऐकायला लोक पुढं वाकले.

मला एकदम सुचलं. मी आईच्या कानाशी लागले. “आई, म्हण की, गाणी अंजीची होती. आबा म्हणून म्हण. आत्ता तू काय वाटेल ते म्हणालीस तरी ऐकतील. सगळी गाणी तुझी होतील.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला ते आधीच सुचलेलं होतं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. तिचे ओठ हलले. पानाला चुना लावताना हलायचे तसे. मग तिनं सर्जेरावाचा हात बाजूला सारला आणि लोकांकडे तोंड केलं.

“रंगराव आलेला न्हाई,” ती म्हणाली.

बायकांनी पदर तोंडाला लावले. जन्मात पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं होतं, तेही उखाण्याशिवाय, भर जत्रेत.

“रंगराव आला असता, तर त्यानं आधी पान मागितलं असतं आन् मग गायला असता. माझं गाऊन झालं. आता पान कशाला?”

लोकांना अर्थ लागला की नाही, मी सांगू शकत नाही. एक-दोघं हसले. “शाहीर चेष्टा करत्यात,” असं एक जण म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं. पण समोर एका माणसाला लागला. बाळकू वस्ताद जागच्या जागी खिळला होता. आधी पान, मग गाणं. आधी पान, मग गाणं. आयुष्यभर त्यानं समोर उभं राहून हेच पाहिलं होतं. त्याची नजर आईकडून कनातीकडे गेली, कनातीकडून डब्याकडे गेली, आणि पुन्हा आईवर येऊन थांबली.

त्यानं आपल्या डफाचा तुरा सोडला. सर्जेरावानं लगेच हात पुढं केला.

“जवाबात छाप कुणाची हुती?” वस्तादानं विचारलं.

“फडाचीच की. काका आलं हुतं न्हवं? काकाचीच.”

“मी म्हातारा झालोय. भैरा न्हाई झालो.” त्याला आईचं कौतुक वाटलं होतं असं मी म्हणणार नाही. तो फसवला गेला होता, आणि ते त्याला झोंबलं होतं. “माझं तुरं उतरवलं हिनं, आन् पाया म्या त्या गड्याच्या पडत आलो! एवढी वर्सं! मला बी कुणी सांगू नये?”

तो आईपुढं आला. तुरा हातात द्यावा की नाही, ह्यावर क्षणभर अडला. मग त्यानं सर्जेरावाच्या हातातून पानाचा डबा काढून घेतला, आईच्या हातात दिला आणि झाकणावर तुरा ठेवला.

“पुढल्या साली पान आणू नगा, वैनी,” तो म्हणाला. “नुसत्या या.”

पुढल्या साली आई गेली नाही, कारण जाऊ दिलं नाही. पळसठाणच्या जत्रा कमिटीनं नियम केला, की ज्यांच्या अंगात येतं त्यांनी सवाल-जवाबात भाग घेऊ नये. हसू नका. कर्ण्यावरून जाहीर केला तो नियम त्यांनी. मग बाळकू वस्तादानं तिला आपल्या खोऱ्यात बोलावलं, तिथून ती आणखी कुठं कुठं गेली. आवाज साथ देत होता तोवर ती गायली. प्रत्येक गाण्यात “अंजी सांगे” होतं, आणि मागं मी झील धरत होते. शाळेतली नोकरी सांभाळून धरत होते. आता पळसठाणच्या वेशीवर शाहीर रंगराव कमान आहे. कमानीवर आईच्या गाण्याची ओळ कोरलेली आहे. खाली रंगा सांगे. मी त्या कमानीखालून जात नाही, शेतातून वळसा घालून जाते.

पण त्या दिवसाचं थोडं राहिलं. परतीच्या एस.टी.त आम्हाला मागची बाकडी मिळाली. आईनं कपाळावरचा गुलाल पदरानं पुसून काढला होता, पुरता निघाला नव्हता. डबा मांडीवर होता. घाट सुरू झाला तसा तिनं डबा उघडला. एक पान घेतलं, शिरा काढल्या, चुना लावला, कात लावला. मला वाटलं, हातांना सवय आहे, चालू दे. सुपारी घातली, घडी घातली, लवंग टोचली, आणि विडा स्वतःच्या तोंडात टाकला.

मी तिला कधी पान खाताना पाहिलं नव्हतं. हजारो विडे केले असतील तिनं, एक तोंडात घातला नव्हता. ती सावकाश चावत राहिली. काहीतरी शोधत असल्यासारखी. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग तिनं खिडकीबाहेर मान काढली आणि सगळा चोथा थुंकून दिला.

“काय झालं गं?” मी विचारलं.

“काय न्हाई.” तिनं तोंड पुसलं. डब्यातली उरलेली पानं खिडकीबाहेर टाकली, तुरा आत ठेवला आणि झाकण लावलं. “ह्यात काय असतंय ते बघत हुते.”

“मग?”

“काय बी न्हाई, इंदे. पान हाय नुसतं.”